सहा तोंडांची तहान

“हिले कोणी दूध पाजलं का गा, रुपराव?” बॅटरीवाल्या कवडूने काचेची नळी उजेडाकडे धरून विचारलं. दुकानात बसलेले दोघेतिघे हसले म्हणून रुपरावही हसला, आणि ते हसू तोंडावर असतानाच त्याला कळलं की आता हे खाली उतरवायचं कसं ते आपल्याला ठाऊक नाही. नळीत बॅटरीच्या पोटातलं पाणी होतं. ते नितळ असायला हवं होतं. ते गढूळ होतं, त्यात फाटलेल्या दुधासारखे पांढुरके कण फिरत होते, आणि आतला काचेचा तरंगा, जो वर यायला हवा, तो आजारी माणसासारखा तळाशी पडून होता. कवडूने नळी हलवली. कणांमधून नखाएवढं काळं, जळालेलं काहीतरी वळलं आणि काचेला चिकटलं. पान दिसते, कवडू म्हणाला, झाडाखाली उभी करता काय गाडी? रुपराव हो म्हणाला, कडुनिंबाखाली. झाकणं घट्ट पिळलेली असताना कडुनिंबाचं पान आत जाईल कसं, हे कवडूला सुचलं नाही, किंवा सुचलं आणि तो गप्प बसला. रुपरावला मात्र पान ओळखू आलं. इतके दिवस तेजाबात राहिलेलं कोणतंच पान ओळखू येण्यासारखं राहत नाही. तरी त्याला ते आलं, जशी गर्दीत मागूनही आपल्या माणसाची मान ओळखू येते. ते तुळशीचं होतं.

तो आला होता नवी बॅटरी निवडायला. एवढंच काम. गांधीबागेच्या मागच्या या गल्लीत सकाळी सायकल-रिक्षात जुनी बॅटरी घालून, तिच्यावर पोतं टाकून, तेजाब अंगावर उडू नये म्हणून पाय वर घेऊन तो बसून आला होता, आणि वाटेत मनाशी घोळवत होता की प्लेटा बदललेली जुनी घ्यावी की कंपनीची कोरी घ्यावी. प्लेटा बदललेली तयार होती, आत्ता उचलून नेता येत होती. कोरी मात्र कोरडी येते, तिच्यात तेजाब भरायचं, ते थंड होऊ द्यायचं, मग ती बराच वेळ चार्जिंगला लावून ठेवायची. परवा मिळाली असती. नत्थू मेश्राम, नवा ड्रायव्हर, आज संध्याकाळी काटोलहून संत्र्याची खेप आणायला तयार बसला होता. घरून निघताना त्याने रुपरावला एकच गोष्ट विचारली होती. “दिवे लागतीन ना भाऊ? बाकी मले काही नाही पाहिजे.” नत्थूला चालायला लागलेली मुलगी होती, ती टायरवर हात मारत उभी होती आणि तिला टायर म्हणजे कोणीतरी झोपलेलं जनावर वाटत होतं. रुपराव लागतीन म्हणाला होता. इतवारीच्या धान्यबाजारात मापारी म्हणून त्याचा जन्म गेला. पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणायचं, हे त्याच्या जिभेला लागलेलं होतं, आणि त्यामुळे पुढचं सगळं चांगलंच निघेल असं मानून चालायचं, हेही. ट्रक त्याच्या धाकट्या भावाचा, लहानूचा. तिसऱ्या हाताने घेतलेला, नाक पुढे आलेला, दारावर आधीच्या मालकाचं नाव खरवडूनही ऊन तिरपं आलं की वाचता येणारा. आणि लहानू मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातल्या खाटेवर होता, उजवा पाय गुडघ्याखाली नसलेला.

उमरेडच्या रस्त्यावर दिवेलागणीनंतर ते झालं. वळणावर पुढे बैलगाडी आली म्हणून लहानूने चाल कमी केली, गिअर बदलला, आणि दिवे विझले. विझले म्हणजे फट्कन नाही, लहानूच सांगे, डोळे मिटत जावेत तसे. चाल असते तोवर डायनॅमो दिव्यांना वीज देतो. चाल मंदावली की सारा भार बॅटरीवर. बॅटरीने भार घेतला नाही. बैलगाडी वाचली, बैल वाचले, गाडीवान वाचला. ट्रकचं नाक बाभळीत शिरलं. रुपराव या गोष्टीला जेव्हा जेव्हा मनात हात लावी तेव्हा ती त्याला आवरलेली, पूर्ण झालेली वाटे, कारण माय तिच्यावर रोज एक वाक्य ठेवी, जसा देवापुढे विडा ठेवावा. पाय गेला, पण जीव राहिला. गाडीत तीर्थ होतं म्हणून राहिला. बघायला आलेल्या बायांना ती हे सांगे, दवाखान्यातल्या शेजारच्या खाटेला सांगे, आणि रुपरावला हे ऐकताना बरं वाटे, खरोखर बरं वाटे, कीर्तनात पूर्वरंग संपून बुवांच्या गळ्यात हार पडतो, बुक्का लागतो, नि आता आख्यान सुरू होणार असं कळून सगळी माणसं मांड्या बदलून नीट बसतात, तेव्हा वाटतं तसं. बरं वाटण्याची ती जागा आता कवडूच्या काचेच्या नळीत होती आणि तिच्यातून पांढुरके कण फिरत होते.

दसऱ्याला बेसा गावातल्या घरी अंगणात ट्रक धुऊन उभा केला होता. नाकावर झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं. पूजेचं तबक मायच्या हातात, आणि लहानूने पाणी टाकायला म्हणून बॅटरीची झाकणं काढून ठेवलेली. माय वाकून पाहत राहिली. तिने विचारलं, हे काय पितं? लहानू म्हणाला, पाणी पितं वं, लई पितं, उन्हाळ्यात तर माह्यापेक्षा जास्त. मग तो हसत म्हणाला, “पण माय, तू दूर हो. याले सहा तोंडं हायेत. हा कार्तिकस्वामी झाला. बायांले दर्शन चालत नाही.” मायने पळी हातात घेतलीच होती. “मी दर्शन कुठी घेऊन राहिली?” ती म्हणाली. “मी पाणी पाजून राहिली. तहानलेल्याले पाणी पाजाले कोणता विटाळ आला?” आणि तिने एकेका तोंडात पळीपळी तीर्थ घातलं, सकाळच्या अभिषेकाचं, दूध-दही-मध-साखरेचं, तुळस टाकलेलं. लहानू हसता हसता थांबला होता. आज, कवडूच्या दुकानात, रुपरावला तो थांबलेला चेहरा दिसला. तेव्हा दिसला नव्हता, कारण तेव्हा रुपरावचे डोळे मिटलेले होते. हात जोडून तो उभा होता, आणि उरलेलं तीर्थ त्याने मायकडून आपल्या तळहातावर घेऊन पिऊन, ओला हात डोक्यावरून फिरवला होता.

कवडू बोलतच होता. त्याला बोलायची हौस होती आणि त्याच्या सदऱ्याला तेजाबाने पाडलेली इतकी भोकं होती की तो वाऱ्यावर वाळत घातलेल्या कापडासारखा दिसे. तो म्हणत होता, डिस्टिल पाण्याच्या जागी लोक काय काय टाकतात विचारू नका. विहिरीचं टाकतात, टाकीचं टाकतात, एकाने तर सोडा टाकला होता. मग आतल्या शिशाच्या प्लेटा खंगतात, माणूस खंगतो तशा, बाहेरून काही दिसत नाही. तरी हिचं वयही झालंच होतं म्हणा, असंही तो म्हणाला, आणि रुपरावने त्या वाक्याला बुडत्याने काडीला धरावं तसं धरलं. म्हणजे जुनी होती म्हणून? कवडूने खांदे उडवले. जुनी तर होतीच. पण जुनी बॅटरी कुरकुर करत मरते. हिच्या पोटात काहीतरी गेलं. रुपरावने विचारलं, थोडंसं, पळीभर, असं गेलं तर? कवडूने त्याच्याकडे पाहिलं. मग दुसरीकडे पाहिलं. मले काय मालूम भाऊ, तो म्हणाला, मी काय हिच्या पोटात बसलो होतो? त्याच्या त्या दुसरीकडे पाहण्यात एवढी दया होती की रुपरावला तिथे उभं राहवेना.

देवळातले बुवा सांगायचे एका गवळणीचं. रुपराव लहान होता, लहानू मायच्या मांडीवर झोपलेला, देवळाच्या फरशीचा गारवा खालून वर चढत असे, आणि बुवा एका पायावर झुकून चिपळ्या थांबवून सांगायचे की देव दारात आला, ती इतकी हरखली की ताजं ताक राहिलं शिंक्यात आणि तिने आंबलेलं, नासकं ताक देवापुढे केलं. देवाने ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं आणि पेला उलटा करून दाखवला. गजर व्हायचा. माय रडायची. दरवेळी त्याच जागी, दरवेळी नव्याने. रुपराव त्या गोष्टीवर वाढला होता. जसा कोणी भाकरीवर वाढतो. प्रेमाने दिलेलं वाया जात नाही. आणि आता इथे लाकडी बाकावर बसून, नाकात झोंबणाऱ्या आंबट वासात, त्याच्या मनात एक वाक्य आलं ते त्याचं नव्हतं, कोणीतरी त्याच्या गळ्यात घालून ठेवल्यासारखं आलं: देव पितो, शिसं पीत नाही. त्याने ते परत गिळलं. ते पुन्हा वर आलं. मग देव शिशात नाही का? की होता, आणि त्याने सगळं प्यायलं, आणि पेला उलटा करून दाखवला, आणि उलट्या पेल्यातून लहानूचा पाय खाली पडला? तो बाकाची कड दाबून धरून बसला. गल्लीतून हातगाडीवरच्या पितळेच्या घागरी एकमेकींवर आपटत गेल्या आणि तो आवाज त्याला झांजांचा वाटला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच झांजांचा आवाज त्याला नकोसा झाला.

जुनी देऊन नवी घ्यायची, असा या धंद्याचा रिवाज. जुनीतलं शिसं वितळून पुन्हा कामाला येतं. कवडूने बॅटरी उचलून दाराशी नेली आणि आतलं पाणी ओतायला नालीवर तिरपी केली. रुपराव उठला. नालीत नको, तो म्हणाला. त्याचा आवाज इतका चढलेला होता की कवडूने बॅटरी खाली ठेवली. नालीत काहून नको? रुपराव पाण्याकडे पाहत होता. त्या पाण्यात तीर्थ होतं. जे पायाखाली येऊ नये म्हणून माय सांडलेला थेंब पदराने टिपते, ते नालीत. त्याने समोर बोट दाखवलं, गल्लीच्या तोंडाशी पार होता, पिंपळ होता. तिथे झाडाच्या बुडाशी ओत, कोणी पाय नाही देणार. कवडूला आता कळलं, सगळंच कळलं असावं. तो हळू आवाजात, आजाऱ्याशी बोलावं तसा म्हणाला, “झाड मरन, भाऊ.” दोघांच्या मध्ये ती बॅटरी होती, आणि तिच्यातलं पाणी न देवाला देता येत होतं, न झाडाला, न जमिनीला. शेवटी कवडूने ते काचेच्या बरणीत काढून घेतलं आणि ठेवतो म्हणाला मागे, मग पाहू. रुपराव म्हणाला, कोरी दे. कंपनीची कोरी, परवा मिळाली तरी चालेल. संत्र्याची खेप दुसऱ्याच्या गाडीने जाईल, हे त्याला ठाऊक होतं. पण ती कोरीसुद्धा परवा अंगणात येणार होती, तिलाही सहाच तोंडं असणार होती, आणि माय तबक घेऊन बाहेर येणार होती. तिने सकाळीच सांगून ठेवलं होतं, नवी आणली की मले आवाज देजो, तीर्थ दिल्याबिगर जोडू नका. पाहिलं ना काय राखलं तीर्थानं.

म्हणजे निवडायचं ते कवडूच्या दुकानात नव्हतंच. मायला सांगायचं, म्हणजे तिच्या हातात तिच्या लेकाचा पाय नेऊन ठेवायचा, गुडघ्याखालचा, हे घे, हा तू नेलास. की नाही सांगायचं, आणि नत्थूला तीर्थ पडलेल्या बॅटरीवर बसवून रात्रीच्या रस्त्याला लावायचं, नाहीतर प्रत्येक सणाला, प्रत्येक एकादशीला डोळ्यांत तेल घालून अंगणात मायवर पहारा करायचा, जसा चोरावर. तिच्यावर. त्याला आठवलं, लहानपणी गोवर निघाला होता तेव्हा याच हाताने ती अंगावरून कडुनिंबाचा डहाळा फिरवत रात्ररात्र बसली होती. त्या हाताला अडवायचं कसं, हे तो मेडिकलपर्यंत पायी चालत विचार करत गेला, सायकल-रिक्षावाले हाका मारत होते तरी.

लहानू उशीला टेकून बसला होता. पांघरूण एका बाजूला उंच होतं आणि एका बाजूला एकदम सपाट, आणि त्या सपाट जागेवर कोणीतरी संत्रं ठेवलं होतं, जागा मोकळी आहे म्हणून. रुपरावने ते उचलून बाजूला ठेवलं. लहानूने विचारलं, काय म्हणे कवडू? जुनी झाली होती म्हणे, रुपराव म्हणाला, आणि संत्रं सोलायला लागला. बराच वेळ सोलत राहिला. लहानू त्याच्या बोटांकडे पाहत होता. मग त्याने, खिडकीतून बाहेर पाहत, पाऊस येणार का असं विचारावं तसं विचारलं, “पान निघालं काय?”

रुपरावच्या बोटांवरून रस मनगटापर्यंत आला. लहानू बोलत राहिला, तुटक, मध्ये मध्ये थांबून. दसऱ्यापासूनच ताकद कमी पडून राहिली होती म्हणाला. स्टार्टर नुसता हुंकार द्यायचा. म्हणून तो गाडी उताराला उभी करायचा, लोटून चालू करायचा, हमालांना विड्या द्यायचा. कवडूकडे नेली असती तर त्याने झाकण खोललं असतं, खोललं की बोललं असतं, आणि बोललेलं गांधीबागेतून बेशाला पोचायला वेळ लागत नाही. दिवाळी झाल्यावर कुठेतरी वर्ध्याकडे गुपचूप बदलून आणीन, असा त्याचा बेत होता. “तवापर्यंत दिवसाच चालवीन म्हटलं, भाऊ. त्या दिवशी उशीर झाला, एवढंच.” तो हसला. तो हसला हे रुपरावला सहन झालं नाही. त्याने संत्र्याची फोड त्याच्या हातात दिली आणि हात तसाच धरून ठेवला. मंग तू तिले तेव्हाच काहून नाही अडवलं, असं त्याने विचारलं, आणि विचारताच त्याला लाज वाटली, कारण तोही तिथेच उभा होता, डोळे मिटून. लहानू म्हणाला, “ते पाजत होती गा. पाजणाऱ्याचा हात कसा धरू?” आणि मग, खाटेच्या लोखंडावर नखाने काहीतरी खरवडत: “तू सांगजो नको. पाय गेला त्याचं मले काही नाही एवढं. तिले समजलं तं ते मरून जाईन.”

दोन दिवस रुपराव माप घालत राहिला. लाभ म्हणताना त्याची जीभ अडखळे आणि अडते वर पाहत. संध्याकाळी देवळात कीर्तन होतं, त्याचे पाय त्या बाजूला वळले आणि बाहेर चपलांच्या ढिगाशीच थबकले. आतून बुवांचा आवाज येत होता, तोच, म्हातारा झालेला, वरच्या सुराला फाटणारा. रुपराव आत गेला नाही. त्याला भीती वाटली की आत गेलो तर आपल्याला सगळं पुन्हा गोड वाटेल. तो चपलांपाशी उभा राहून देवाला काही मागत नव्हता. एखाद्याच्या दारात तक्रार घेऊन जावं आणि आतून त्या माणसाचा खोकला ऐकून तक्रार विसरावी, तसा नुसता उभा होता. हे सगळं तूच प्यायला असतास तर, एवढंच त्याच्या मनात येत होतं. तुझं काय बिघडलं असतं?

नवी बॅटरी आली ती ऊन चढल्यावर. काळी, चकचकीत, वर सहा लाल झाकणं. नत्थूने ती छातीशी धरून ट्रकजवळ नेली, तारा पुसून ठेवल्या आणि बाजूला उभा राहिला. माय बाहेर आली. तबक, तांब्या, पळी. तिने बॅटरीला कुंकू लावलं, नत्थूच्या मुलीलाही लावू का असं नत्थूकडे पाहून विचारलं, तो राहू द्या माय म्हणाला तर तिने मुलीच्या हातावर खडीसाखर ठेवली. मग ती बॅटरीपुढे उकिडवी बसली. खोल गा तोंडं, ती रुपरावला म्हणाली. रुपरावने नत्थूकडे पाहिलं. नत्थूला काही ठाऊक नव्हतं. तो पुढच्या दिव्यांवरची धूळ बाहीने पुसत होता, एका दिव्याची, मग दुसऱ्याची, मुलीचं तोंड पुसावं तशी. रुपरावने एकेक झाकण पिळून काढलं. आतून तोच आंबट वास वर आला. माय म्हणाली, तहानली असन बिचारी, आणि पळी भरून पुढे केली.

त्याने काही ठरवलं नव्हतं. त्याचा उजवा हात पुढे झाला आणि पहिल्या तोंडावर जाऊन बसला, खोलगट, तीर्थ घेताना होतो तसा. मायची पळी त्यात रिती झाली. तो प्यायला. झाकणाच्या कडेचं तेजाब तळव्याला लागलं होतं, चुणचुणत होतं. तीर्थाला शिशाची चव होती. मायला वाटलं, मोठा मुलगा, पहिला मान त्याचा. तिने दुसऱ्या तोंडाकडे पळी नेली. हात तिथे होता. तिसऱ्याकडे नेली, तिथेही होता. चौथ्या पळीला ती सावकाश झाली. पाचवी तिने ओतली ती बॅटरीकडे न पाहता, त्याच्या तळव्याकडे पाहत, जिथे कातडी लाल होऊ लागली होती. सहावी पळी भरून तिने ती हवेत तशीच धरली.

“काहून गा?” ती म्हणाली.

“तहान लागली मले, माय.”

ती त्याच्याकडे पाहत राहिली. कीर्तनात जिथे ती रडायची तिथे तिचा चेहरा आधी असाच व्हायचा, काहीच नसल्यासारखा कोरा. मग तिने वर पाहिलं, ट्रकच्या नाकावर जिथे पत्रा ठोकून सरळ केला होता तिथे, आणि मग त्याच्या आतल्या, चालकाच्या रिकाम्या जागेकडे. बराच वेळ. नत्थूची मुलगी खडीसाखर कुडकुड चावत होती. मायने सहावी पळी आपल्या तळहातावर ओतली आणि पिऊन टाकली. तांब्यात पळी ठेवली. पदराने तिने सहाही तोंडांच्या कडा पुसल्या, आत काही जाऊ नये अशा जपणुकीने, आणि हाताने खूण केली की लाव झाकणं. तो झाकणं लावत असताना ती अगदी हळू, नत्थूला ऐकू जाऊ नये म्हणून, म्हणाली, “लहानूले माहीत हाय काय?”

रुपरावच्या हातातलं झाकण आट्यांवर बसेना. ते त्याने पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं.

“नाही, माय.”

“मंग त्याले सांगजो नको,” ती म्हणाली. “तो माह्यासाठी रडन.”

रुपराव बरं म्हणाला. माय जमिनीवर हात टेकून उठू लागली, तिला उठवेना, तेव्हा त्याने तिला दोन्ही बगलांत धरून उभी केली.